बिननावाची चौकट

गेल्या वर्षी सोसायटीतल्या मुलांच्या सहलीसाठी मी एक वेबपान बनवलं. त्यात तीन चौकटी होत्या: नाव, इयत्ता आणि ‘काय खाल्लेलं चालत नाही?’ फॉर्म भराभर आले. तिसरी चौकट मात्र सगळ्यांचीच कोरी! म्हटलं, बरंच झालं.

आदल्या रात्री एका आईचा फोन. “शेंगदाण्याचं लिहिलं होतं, वाचलंत ना?” माझ्या पोटात गोळाच आला. खाऊत चिक्की होती! ती लगेच काढली.

चूक माझीच. चौकटीतला मजकूर तिच्या नावाची चिठ्ठी लावून सर्व्हरकडे जातो. एचटीएमएलमध्ये तिसरीला ‘नेम’ द्यायलाच मी विसरलो होतो. बिननावाची चौकट ब्राउझर पाठवत नाही, आणि तसं सांगतही नाही!

आता मी आधी स्वतः फॉर्म भरतो, पलीकडे काय पोचलं तेही बघतो. तुम्हीही बघाल ना?