शेवटची पाच दुकानं

आमच्या वयाची माणसं मॉलमध्ये खरेदीला जात नाहीत, चालायला जातात. मे महिन्यात बाहेर रस्ता तापलेला, पावसाळ्यात फुटपाथवर (असलाच तर) शेवाळ, आणि उरलेलं वर्षभर खोदकाम. अशा वेळी सपाट फरशी, थंड हवा, बसायला बाकं आणि या सगळ्याचे पैसे शून्य, असा एकच पत्ता उरतो. आमच्या स्टेशनजवळचा मॉल २००८ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी मी निवृत्त झाले. तेव्हापासून माझं फिरणं तिथेच. तळमजल्याला एक पूर्ण फेरी घातली की माझी साडेतीनशे पावलं होतात. दहा फेऱ्या झाल्या की बाकावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायचं आणि घरी यायचं. सोळा-सतरा वर्षांत मी तिथे एकूण किती खर्च केला असेल? दोन छत्र्या, चष्म्याच्या काड्या आणि नातवाचे हट्ट. मॉलवाल्यांनी माझ्यासारख्यांच्या जिवावर मॉल काढला असता तर तो सहा महिन्यांतच आटोपला असता!

आता तो आटोपतोच आहे म्हणा. पण मॉल एका दिवसात बंद पडत नाही. तो हळूहळू, अवयव निकामी होत जावेत तसा जातो. आधी मधलं कारंजं बंद झालं. मग थंड हवा संध्याकाळी पाचनंतरच सुटू लागली, मग शनिवार-रविवारीच, आणि मग नाहीच. त्यानंतर सरकते जिने थांबले. थांबलेला सरकता जिना चढून बघा कधी. त्याच्या पायऱ्या साध्या जिन्यापेक्षा उंच असतात, आणि पाय ठेवला की शरीराला वाटतं आता हे हलणार, आणि ते हलत नाही. गुडघ्याला दोन्हीकडून मार. तिसऱ्या मजल्यावरच्या फूड कोर्टात खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्यात आणि छतातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली रंगाचे रिकामे डबे मांडलेत. कबुतरं आत शिरली आहेत. एके काळी अत्तराचा वास यायचा तिथे आता कोंदट ओल येते.

स्वच्छतागृहाचं मात्र सांगायलाच हवं. मुंबईत घराबाहेर पडलेल्या बाईला हा प्रश्न दिवसभर छळतो. 'राइट टू पी' नावाची चळवळ इथे २०११ साली उगीच नाही सुरू झाली. लोकल, शाळा, बाजार असं पस्तीस वर्षं करताना मी दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं होतं. मॉल आले आणि पहिल्यांदा असं झालं की काहीही विकत न घेता, कोणाला पैसे न देता, आत जाऊन कडी लावता येते. भाजी घेऊन बसलेल्या बायकाही यायच्या, आणि रखवालदार बघून न बघितल्यासारखं करायचा. मॉल संस्कृतीवर मी आजवर अनेक तावातावाचे लेख वाचलेत, पण ही एक गोष्ट त्यांत कुणी लिहिलेली मला आठवत नाही. लिहिणारे बहुतेक पुरुष असावेत. आता आमच्या मॉलमध्ये फक्त दुसऱ्या मजल्यावरचं एक स्वच्छतागृह चालू आहे, आणि तिथे जायला तो थांबलेला जिना!

मॉलची कल्पना तशी परकी आणि फारशी जुनीही नाही. व्हिएन्नातून अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर ग्रुएन नावाच्या वास्तुशिल्पीने १९५६ साली मिनेसोटा राज्यातल्या इडायना गावी साउथडेल हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारला. तिथपासून हे सगळं. गंमत म्हणजे त्याला आपल्या मनातला जुना युरोपी चौक अमेरिकेला द्यायचा होता, लोकांनी चालावं, भेटावं, बसावं म्हणून. पुढे त्या कल्पनेचं जे झालं ते पाहून तो स्वतःच वैतागला. आपल्याकडे मुंबईत पहिला मॉल म्हणून नाव झालं ते हाजीअलीजवळच्या क्रॉसरोड्सचं, १९९९ साली. सुरुवातीला तिथे इतकी झुंबड उडाली की मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर साठ रुपये भरा आणि मग आत या, असा नियम काढावा लागला. दुकानात शिरायला तिकीट! त्या वर्षी आमच्या वर्गात 'कोणाच्या वडिलांकडे मोबाइल आहे?' असं विचारलं असतं तर एकही हात वर झाला नसता. पुढे त्या मॉलचे मालक बदलले, नाव सोबो सेंट्रल झालं, शेजारीपाजारी त्याहून भव्य मॉल उभे राहिले आणि तो रिकामा होत गेला. २०२४ साली कर्जापोटी तो विकला गेला. पंचवीस वर्षं. एका शिक्षिकेच्या नोकरीपेक्षाही कमी.

मॉल मरतात का, याचं उत्तर मला आमच्याच मॉलमधल्या झेरॉक्सवाल्याने दिलं. त्याचं म्हणणं असं, की दोन तऱ्हेचे मॉल असतात. एक, ज्यात सगळी जागा एका मालकाची आणि दुकानदार भाडेकरू. तिथे मालक ठरवतो चपलांशेजारी कपडे, कपड्यांशेजारी खाणं. चालत नाही त्याला काढतो, चालेल त्याला आणतो. दुसरे, आमच्यासारखे, जिथे बिल्डरने गाळे सुटे सुटे विकून टाकले. घेणाऱ्यांत कोणी डॉक्टर, कोणी दुबईला, कोणी निव्वळ भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवलेला. शेकडो मालक, आणि मॉलची काळजी कोणालाच नाही. चाळीची सोसायटी झाल्यावर जिना कोणी धुवायचा यावरून जे होतं, तेच. मेंटेनन्स थकला की वीज कापतात, वीज कापली की थंड हवा जाते, थंड हवा गेली की गिऱ्हाईक जातं, आणि गिऱ्हाईक गेलं की उरलेलेही मेंटेनन्स थकवतात. भांडुपचा ड्रीम्स मॉल असाच हजाराहून अधिक गाळ्यांचा होता. त्यातल्या रुग्णालयात मार्च २०२१ मध्ये आग लागून माणसं गेली तेव्हा तो सगळ्यांना माहीत झाला.

शिवाय प्रत्येक मॉलला एक मोठं दुकान लागतं, ज्याच्या ओढीने माणसं येतात आणि जाता-येता छोट्या दुकानांत डोकावतात. आमच्याकडे तळमजल्यावर मोठं सुपरमार्केट होतं, ते २०२२ मध्ये गेलं. ज्या बिग बझारने देशाला मॉलची सवय लावली, त्याची मालक कंपनी फ्यूचर रिटेल त्याच वर्षी दिवाळखोरीच्या कोर्टात उभी राहिली. तुम्हाला आठवत असेल, २००६ पासून बिग बझार २६ जानेवारीला 'सबसे सस्ता दिन' करायचं आणि गर्दी आवरायला पोलीस लागायचे. आमच्या शाळेत झेंडावंदन झालं रे झालं की अर्ध्या शिक्षिका पिशव्या घेऊन धावत. मुख्याध्यापिका म्हणायच्या, निदान राष्ट्रगीत तरी सावकाश म्हणा गं!

नाइट फ्रँक या कंपनीच्या अहवालात २०२३ साली देशातल्या आठ मोठ्या शहरांत ६४ 'भुताटकी मॉल' मोजले होते, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेले. आमचा त्यात होता की नाही कोण जाणे. सध्या आमच्याकडे चालू आहेत ती पाच दुकानं: चष्मेवाला, मोबाइलच्या कव्हरांवाला, झेरॉक्स, एक दाताचा दवाखाना आणि तयार कपड्यांचं एक. या सर्वांच्या पाट्या मात्र मोठ्या मराठी अक्षरांत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा सगळ्यांनी घाईघाईने करून घेतल्या. जन्मभर मराठी शिकवलं म्हणून मला त्या बघून बरं वाटतं. पण 'भाड्याने देणे आहे' हीही पाटी मराठीतच, आणि सगळ्यांत जास्त तीच.

तर सांगत काय होते, ते कपड्यांचं दुकान. त्यातला सेल्समन माझा विद्यार्थी.

मी तेव्हा लालबाग-परळकडच्या शाळेत होते. १९८२ च्या संपानंतरची ती मुलं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढाकाराने संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यातले कितीतरी परत कामावर गेलेच नाहीत. याचे वडील साचेखात्यात होते. हा माझ्याकडे पाचवी ते सातवी होता तेव्हा घरात आई खानावळीचे डबे करायची आणि हा शाळा सुटली की ते पोचवायचा. अक्षर सुंदर, गणित कच्चं. नंतर फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग आलं, दुकानं आली, चिमणी तेवढी उभी राहिली. बापाच्या हाताखालचा कापूस गेला आणि पोराच्या हातात घडी घातलेले तयार शर्ट आले. आधी तिकडे, मग दुसरीकडे, आणि २००९ पासून आमच्या मॉलमध्ये. मी पहिल्यांदा त्याच्या दुकानासमोरून गेले तेव्हा तो धावत बाहेर आला, "बाई, तुम्ही इथे?" आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर वाकून पाया पडला. त्यानंतर माझ्या दहा फेऱ्यांमधली एक नेहमी त्याच्या दुकानाशी थांबायची.

गेल्या महिन्यात दारावर कागद लागला, 'स्टॉक क्लिअरन्स, पन्नास टक्के अधिक वीस टक्के'. महिनाअखेर दुकान बंद. मी विचारलं, तुझ्या सोळा वर्षांचे काय पैसे मिळतील रे? म्हणाला, "बाई, आम्ही सहाच जण." ग्रॅच्युइटी दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू होते, सहांना नाही. मालक वाईट नाही. शेवटच्या महिन्याचा पगार आणि उरलेल्या मालातले हवे ते चार नग घ्या म्हणाला. त्याने चार पांढरे शर्ट घेतले. मुलाला मुलाखतींना होतील म्हणून.

मला राहून राहून गिरण्यांचं आठवत होतं. तेव्हा निदान मोर्चे निघाले, घोषणा झाल्या, पुस्तकं आली, नाटकं आली. गिरणी कामगारांना घरं मिळावीत म्हणून लढा झाला, २०१२ मध्ये म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली. याच्या वडिलांचा अर्ज अजून त्या दीड लाखांहून जास्त अर्जांत पडून आहे. वडील गेले, आता वारस म्हणून याचं नाव. मॉल बंद होतो तेव्हा मोर्चा कोणावर न्यायचा? मालक शेकडो, कामगार पाच दुकानांत मिळून वीस. कोणी कोणाला हाकलत नाही, कुठे टाळं ठोकत नाहीत. नुसती सवलतीची पाटी लागते, आणि आपण आत शिरून स्वस्तात काय मिळतंय ते बघतो. मीही दोन परकर घेतले, खोटं कशाला सांगू.

सुपरमार्केटच्या त्या रिकाम्या जागेत आता म्हणे दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्यांचं गोदाम होतंय. काचा आतून काळ्या कागदाने झाकल्यात, मागच्या दाराशी पोरं दुचाक्या लावून मोबाइलकडे बघत बसलेली असतात. गिऱ्हाइकाने आत यायचंच नाही. तिथे सामान उचलून पिशवीत भरायला माणसं हवी आहेत, असं त्याला कळलं. मला फोन केला, "बाई, फॉर्म इंग्रजीत आहे, जरा बघाल का?" आम्ही तळमजल्यावरच्या बाकावर बसलो. अंधारच होता, मोबाइलच्या उजेडात फॉर्म भरला. अनुभवाच्या रकान्यात सोळा वर्षं एका ओळीत मावली. एक प्रश्न होता की किती वजन उचलून किती वेळ उभं राहता येईल, त्यावर तो हसला आणि म्हणाला, उभं राहण्याचाच तर अनुभव आहे. वयाच्या रकान्याशी पेन थांबलं. सत्तेचाळीस. मी काही बोलले नाही. त्याने ते आकडे सावकाश, वळणदार काढले, पूर्वी फळ्यावर तारीख लिहायचा तसे.

पंधरा तारखेपर्यंत कळवतो म्हणालेत.