कोरी पट्टी

या महिन्यात आमच्या वाचनालयात बत्तीस पुस्तकं आली. गठ्ठ्याची सुतळी मी शिपायाला सोडू देत नाही. चोवीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली, पण हा हावरेपणा काही गेला नाही.

नव्या पुस्तकाला आधी उघडायची सवय लावावी लागते. कणा टेबलावर टेकवायचा, दोन्ही पुठ्ठे आडवे सोडायचे. मग थोडी पानं पुढची, थोडी मागची, अशी आळीपाळीने अंगठ्याने कण्यालगत दाबत मध्यावर यायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक जाडजूड चरित्र घाईघाईत मधूनच उघडलं. कड्‌कन आवाज झाला आणि कणा दुभंगला. वाचकाच्या आधी ते बाइंडरकडे गेलं.

मग शिक्के. एक मुखपृष्ठाच्या आतल्या नावाच्या पानावर, एक शेवटी आणि एक आमच्या गुप्त पानावर. त्या पानाचा आकडा सांगणार नाही. पुस्तक ढापणारा पहिलं पान फाडतो, गुप्त पान त्याला ठाऊक नसतं.

त्यानंतर दाखल नोंदवही. इथे पुस्तकं आल्या क्रमाने बसतात. म्हणून कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ कादंबरीच्या वरच्या ओळीत मधुमेहावरचं पुस्तक आहे आणि खालच्या ओळीत स्पर्धा परीक्षेचं. वर्गांक मात्र नातं पाहतो. ड्युईच्या दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येतं. तिथे ‘रिंगाण’ आपल्या घरच्या माणसांत, खोतांच्याच ‘गावठाण’ आणि ‘रौंदाळा’च्या शेजारी जाऊन उभं राहिलं. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यापासून त्याची मागणी होतीच, त्यामुळे ते कपाटात दोन दिवसही टिकलं नाही.

सगळ्यात शेवटी तारखेची पट्टी. खळ फक्त वरच्या कडेला लावायची, सगळीकडे फासली की पान आखडतं. बाकी सगळं मी लिहितो, ही पट्टी मात्र वाचक भरतात. जुनी पुस्तकं काढून टाकायची वेळ येते तेव्हा मी आधी तीच पाहतो. देखण्या पुठ्ठ्याच्या आत कोरी पट्टी निघाली की अपराधी वाटतं. प्रत्येक पुस्तकाला वाचक मिळायला हवा, हा नियम ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१मध्येच घालून दिला. पुस्तक विकत घेतलं, नोंदलं, मांडलं, एवढ्याने तो पाळला जात नाही. त्यासाठी ग्रंथपालाला तोंड उघडावं लागतं.

देवीदास सौदागर यांचं ‘उसवण’ मी दर्शनी कपाटात ठेवलं होतं. बाजारपेठेतले एक शिंपीकाका वर्तमानपत्र वाचायला येतात, पुस्तक कधी नेत नाहीत. त्यांना म्हटलं, “काका, रेडिमेडमुळे धंदा बसलेल्या शिंप्याची गोष्ट आहे. लिहिणाराही शिलाईकाम केलेला माणूस आहे.” त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. “बघू तरी, शिलाई नीट लिहिलीय का,” म्हणाले. पंधरा दिवसांनी परत आणलं आणि विचारलं, “याचं दुसरं काही आहे का?”

सुधीर रसाळ यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ला २०२४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. समीक्षा म्हटल्यावर आमच्याकडे हात आखडतात. पट्टी अजून कोरी होती आणि शिफारस करायची तर आधी मला वाचायला हवं. काल संध्याकाळी मी ते माझ्या नावावर घेतलं. पट्टीवर पहिली तारीख पडली आहे.