तक्रारीचा पत्ता

‘अब्यूज’ या इंग्रजी शब्दाला मराठीत एक प्रतिशब्द पुरत नाही. माणसाने माणसाला उद्देशून उच्चारली तर ती शिवी. दुसऱ्याच्या यंत्रावर चाल करण्यासाठी जोडणी वापरली तर तो गैरवापर. इंटरनेटच्या जगाने मात्र दोहोंसाठी एकच टपालपेटी नेमली. सेवा पुरवणाऱ्याकडे ‘अब्यूज’ नावाची ईमेल-पेटी असावी, हा संकेत १९९७ साली लिहून ठेवला गेला.

काही वर्षांपूर्वी आम्ही जुने दिवाळी अंक स्कॅन करून एका लहानशा सर्व्हरवर ठेवले होते. एके सकाळी त्याच्या नोंदी चाळल्या, तर कोणीतरी ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’ अशी नावे सांगत रात्रभर हजारो वेळा दार ठोठावले होते. आम्ही संतापलो. तो आयपी पत्ता कोणत्या पुरवठादाराचा, हे ‘हू-इज’मधून शोधले आणि त्या पेटीत तावातावाने पत्र टाकले.

उत्तर दोन ओळींचे आले. दिलेली वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाची? समोरचा पोर्ट क्रमांक कोणता? एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. एवढ्या तपशिलावाचून नेमका ग्राहक सापडत नाही. आमच्या पत्रात विशेषणे भरपूर होती, पुरावा नव्हता. ओशाळून आम्ही मूळ नोंदी पाठवल्या.

आठवड्याने कळले की, तो ‘गुन्हेगार’ म्हणजे एक छोटा दवाखाना होता. तिथल्या कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. २०१६ साली ‘मिराई’ने असेच साठेक ठरावीक पासवर्ड वापरून लाखो उपकरणे वेठीस धरली होती. आमच्या तक्रारीवरून दवाखान्याची जोडणी दोन दिवस बंद राहिली. त्या दोन दिवसांत तिथे कोणाचे काय अडले, हे आम्हांला कधीच कळणार नाही.

म्हणून तक्रार करू नये काय? तसे नव्हे. ती केली नसती तर आपल्या भिंतीवर चोर बसला आहे, हे त्या डॉक्टरांना समजलेच नसते. शिवीमागे बहुधा माणूस असतो आणि त्याला जाब विचारता येतो. हल्ल्याच्या पत्त्यावर मात्र पुष्कळदा आपल्यासारखाच एक पीडित राहत असतो. पेटी एक असली तरी पत्रे दोन तऱ्हांची लिहावी लागतात. हल्ली आम्ही तारीख, वेळ, पोर्ट आणि नोंदीच्या ओळी तेवढ्या लिहितो. ‘हल्लेखोर’ हा शब्द लिहिण्याचे सोडून दिले आहे.