कलमांच्या गर्दीत

आपली राज्यघटना गरजेपेक्षा लांब आहे, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. ३९५ कलमं आणि आठ परिशिष्टं घेऊन ती अस्तित्वात आली, पुढे परिशिष्टं बारा झाली. अमेरिकेचा मूळ दस्तऐवज सात कलमांत आटोपतो. नागरिकशास्त्र शिकवताना मी उद्देशिका आणि मूलभूत हक्क जीव ओतून शिकवायचे. संचित निधी, लोकसेवा आयोग, महालेखापरीक्षक, दोन अधिवेशनांमधलं अंतर ही प्रकरणं मात्र परीक्षेपुरती उरकायची. हा बराचसा १९३५च्या भारत सरकार कायद्यातून आलेला कचेरीचा भाग, साध्या कायद्यात घातला असता तरी चाललं असतं, असं मी वर्गात सांगतही असे. आयव्हर जेनिंग्जसारख्या घटनातज्ज्ञानेही आपल्या घटनेच्या लांबीवर टीका केली होती, त्यामुळे मला आधारही होता.

या आक्षेपाला उत्तर फार आधीच दिलं गेलं होतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना बाबासाहेबांनी तत्त्व मान्य केलं : कारभाराचे तपशील घटनेत नसावेत. मग ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोटचा आधार घेऊन ते म्हणाले, की घटनात्मक नीती ज्या समाजात मुरलेली आहे, त्यालाच तपशील वगळणं परवडतं. आपल्याकडे ती अजून रुजवायची आहे. आणि घटनेला हात न लावता नुसता कारभाराचा साचा बदलूनही घटना निकामी करता येते. हे भाषण मी वाचलेलं होतं. ते मला एका निष्णात वकिलाचा युक्तिवाद वाटलं होतं, त्यात इशारा आहे हे जाणवलं नव्हतं.

तो जाणवला डॉ. डी. सी. वाधवा यांच्या कामामुळे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले हे प्राध्यापक. बिहारमधले वटहुकूम त्यांनी एकेक करून तपासले. कलम २१३ सांगतं, की विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवडे उलटले की वटहुकूम संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको, हे कलम १७४ सांगतं. म्हणजे वटहुकुमाचं आयुष्य जास्तीत जास्त साडेसात महिने. बिहारात काय चाललं होतं? अधिवेशन संपलं की तेच वटहुकूम त्याच मजकुरासह पुन्हा काढायचे, एकाच दिवशी डझनांनी. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ वटहुकूम जिवंत ठेवले गेले, काही तर दहा वर्षांहून जास्त. निवडून आलेली विधानसभा होती, तिची अधिवेशनंही होत होती. फक्त हे कायदे तिच्याकडून होत नव्हते. घटनेतलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

वाधवांनी १९८३ साली यावर पुस्तक लिहिलं, सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८६च्या डिसेंबरात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा घटनेशी केलेला कपटाचार ठरवला. वाधवांच्या हातात काय होतं, याचा मी बराच विचार केला. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द होतेच, पण त्या शब्दांवर बिहार सरकारही भाषण करू शकलं असतं. ‘सहा आठवडे’ यावर भाषण करता येत नाही. ते मोजावे लागतात, आणि एक प्राध्यापक पुण्यात बसून ते मोजू शकला.

मग मला जिथे तिथे हेच दिसू लागलं. १९७५ची आणीबाणी मंत्रिमंडळाची बैठक होण्याआधीच रात्री जारी झाली. म्हणून ४४व्या दुरुस्तीने १९७८ साली लिहून ठेवलं, की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करू नये. घटना एका वाक्याने लांबली, आणि ते वाक्य किती लोकांच्या तुरुंगवासानंतर आलं!

पंचायतींची गोष्ट तर आपल्या घरची. मूळ घटनेत त्यांच्यासाठी कलम ४० होतं : राज्याने ग्रामपंचायती स्थापण्यासाठी पावलं उचलावीत. मला आवडायचं तसं, थोडक्यात आणि उदात्त. महाराष्ट्राचा १९६१चा जिल्हा परिषद कायदा देशात नावाजला गेला, तरी इथे १९७९नंतरची जिल्हा परिषदांची निवडणूक थेट १९९२मध्ये झाली. १९९३पासून ७३वी दुरुस्ती लागू झाली. पाच वर्षांची मुदत, ती संपण्याआधी निवडणूक, किमान एक तृतीयांश जागा महिलांना, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग. वाचायला रूक्ष, पण त्यानंतर १९९७पासून २०१७पर्यंत बहुतेक जिल्ह्यांत दर पाच वर्षांनी मतदान होत गेलं.

लिहून ठेवलं की पाळलं जातंच, असं नाही. पाच वर्षांच्या मुदतीचा तसाच नियम महापालिकांनाही आहे, तरी मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि आरक्षणाच्या वादात तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. हे मला अजून खुपतं. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, तीही मुदत टळली. तरी न्यायालयात उभं राहायला जागा होती, कारण पाच वर्षं हा आकडा घटनेतच आहे. कलम ४०च्या भरवशावर कुणी काय मागितलं असतं?

आता मी हा भाग आधी शिकवते, उद्देशिका नंतर. मुलांना कलम २१३ देते आणि वटहुकुमाचे दिवस मोजायला लावते.

माझी तक्रार आता उलट दिशेची आहे. अकराव्या परिशिष्टात पंचायतींसाठी २९ विषय आहेत : शेती, पाणी, प्राथमिक शिक्षण, आरोग्य. पण ते प्रत्यक्ष सोपवायचे की नाही, हे राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर सोडलेलं आहे. मतदानाची वेळ बांधून दिली आणि अधिकार मोकळे ठेवले. गावची सरपंच ठरल्या वेळी निवडून येते, मात्र शाळेत शिक्षक आणि दवाखान्यात औषध आहे की नाही, यात तिचं किती चालेल हे अजून मुंबईतच ठरतं. कोणता विषय, किती निधी, कोणत्या मुदतीत तिच्याकडे द्यायचा, हेही घटनेत आकड्यांनिशी लिहून घ्यायला हवं.