कोबेतील आमचे दिवस

कोबे हे नाव जगात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे: बंदर आणि गोमांस. यांपैकी दुसरी गोष्ट गेवराईच्या आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हती, हे बरेच झाले. यजमानांच्या कंपनीने त्यांना तीन वर्षांसाठी कोबेला पाठवायचे ठरवले, तेव्हा सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "तिथे स्थानक आहे का?" स्थानक नव्हते, देरासर होते. त्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आपली माणसे आहेत तर!"

आपली माणसे तिथे फार पूर्वीपासून आहेत. हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस ओसाकाच्या गिरण्यांना हवा असे, आणि त्याची वाहतूक विलायती कंपन्यांच्या हातात होती. त्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी 1893 साली जमशेटजी टाटा आणि निप्पॉन युसेन कैशा ही जपानी जहाज कंपनी यांनी मुंबई ते जपान असा जलमार्ग सुरू केला. कापसामागून व्यापारी गेले, पुढे मोत्यांच्या व्यापारासाठी गुजराती जैन कुटुंबे कोबेत स्थिरावली. किटानो भागात, टेकडीच्या उतारावर, जुन्या युरोपीय व्यापाऱ्यांच्या बंगल्यांपासून जवळच भगवान महावीरस्वामींचे पांढऱ्या संगमरवराचे मंदिर 1985 पासून उभे आहे. गेवराईच्या मोंढ्यात कापसाच्या गाड्या मोजत ज्यांचे आयुष्य गेले, त्या बाबूजींना म्हणजे माझ्या सासऱ्यांना ही कापसाची हकीकत मी फोनवर सांगितली, तेव्हा कोबे त्यांना एकदम जवळचे वाटू लागले.

आम्ही स्थानकवासी. मूर्तीपुढे हात जोडण्याची सवय नाही. पहिल्या पर्युषणात मी मागच्या बाजूला बेटका अंथरून बसले, तेव्हा शेजारच्या गुजराती भगिनीने काहीही न विचारता मुहपत्ती बांधायला जागा करून दिली. पुढे तिन्ही वर्षे आमचे प्रतिक्रमण तिथेच झाले. संवत्सरीची तिथी एका दिवसाने पुढेमागे झाली तर आम्ही दोन्ही दिवस धरत असू. गेवराईत असते तर याची चर्चा झाली असती.

घर लावणे सोपे होते, स्वयंपाकघर लावणे अवघड. जपानी जेवणाच्या मुळाशी 'दाशी' असते. दाशी म्हणजे बहुधा सुकवलेल्या माशाच्या किसाचे पाणी. ते सूपमध्ये असते, भाजीत असते, सोयासॉसच्या कित्येक बाटल्यांत असते, आणि वरवर निर्दोष दिसणाऱ्या चिप्सच्या पुडीतही असते. मासा नको म्हटले की दुकानदार मोठ्या अगत्याने कोंबूचे म्हणजे समुद्रवनस्पतीचे दाशी पुढे करतो. पण आपल्याकडे शेवाळ अनंतकायात मोडते. मग कोंबूचे काय? आम्ही तेही वर्ज्य केले. मी भाषा शिकले ती पाकिटांच्या मागच्या बाजूवरून. निकु म्हणजे मांस, तामागो म्हणजे अंडे, तामानेगी म्हणजे कांदा, ज्यागाइमो म्हणजे बटाटा. स्टेशनचा रस्ता विचारता येण्याआधी मला जपानीत लसूण वाचता येत होता.

सूर्यही निराळा. डिसेंबरात कोबेचा सूर्य पाच वाजण्यापूर्वीच मावळतो, जूनमध्ये सव्वासातपर्यंत रेंगाळतो. गेवराईत चौविहार करणे म्हणजे दुकान बंद करून घरी येणे. सगळा मोंढा त्याच वेळी घरी जातो, त्यामुळे त्यात विशेष ते काय! इथे हिवाळ्यात यजमानांना साडेचारला डबा उघडावा लागे, आणि त्या वेळी कार्यालयातील कोणीही खात नसे. त्यांनी वरिष्ठांना एकदा सांगितले, वरिष्ठांनी मान लववली, आणि पुढे त्या वेळेला कोणी बैठक ठेवली नाही. कारण मात्र कोणी विचारले नाही. जपानी माणूस नियम पाळणाऱ्याचा आदर करतो, नियमाचे कारण त्याला कळलेच पाहिजे असे नाही. आपल्याकडे नेमके उलटे असते. कारण सगळ्यांना पाठ असते.

खरी कसोटी लेकीच्या शाळेत होती. ती तिसरीत गेली. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण हा अभ्यासाचाच भाग असतो. मुले पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून स्वतः वाढतात, सगळ्यांच्या ताटात एकच अन्न असते, "इतादाकिमास" म्हणजे "नम्रपणे स्वीकारतो" असे म्हणून सगळे एकदम जेवू लागतात. घरून डबा आणणे बसत नाही. शाळेने एक अर्ज दिला. त्यात अंडे, दूध, शेंगदाणा, गहू यांची ॲलर्जी लिहायला रकाने होते. व्रतासाठी रकाना नव्हता. गेवराईहून फोन आला, "एवढे कशासाठी ओढता? पोरीला आमच्याकडे ठेवा. इथे पाठशाळा आहे, दादी आहे." सासूबाईंच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते अधिक टोचले. तीन वर्षे लेकीवाचून राहायचे की तिच्या ताटाचा आग्रह सोडायचा, एवढे दोनच रस्ते मला त्या आठवड्यात दिसत होते.

देरासरातील एक भगिनी दुभाषी म्हणून माझ्याबरोबर शाळेत आली. आहारतज्ज्ञ बाईंनी तासभर ऐकून घेतले, वहीत लिहून घेतले, आणि एक तोड सुचवली: महिन्याचा जेवणाचा तक्ता आगाऊ मिळेल, त्याच्याशी शक्य तितका मिळताजुळता डबा घरून द्यावा, म्हणजे मूल एकटे पडणार नाही. त्या दिवसापासून मी तो तक्ता पंचांगासारखा भिंतीवर लावू लागले. मुलांचा लाडका करी-राईसचा दिवस असेल तेव्हा बटाट्याच्या जागी लाल भोपळा, गाजराच्या जागी ढोबळी मिरची, मांसाच्या जागी तळलेला टोफू. रंग जमला की लेक खूश.

वर्गातल्या एका मुलाने तिला विचारले, "तू बटाटा का खात नाहीस?" ती म्हणाली, "त्यात जीव असतो म्हणून." त्याने विचारले, "मग भातात नसतो का?" तो प्रश्न ती घरी घेऊन आली. मी तिला कंदमुळातील अनंत जीवांचे सांगितले, धान्य पिकून झाड आपोआप वाळते आणि कंद काढताना झाड मुळासकट मरते हेही सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे शक्य तितके कमी मारायचे. असेच ना?" पाठशाळेत मी हे किती वर्षे शिकले होते; इतक्या थोडक्या शब्दांत मला कधी सांगता आले नव्हते.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये, कापसाचा हंगाम आटोपल्यावर, बाबूजी आणि सासूबाई महिनाभरासाठी आले. चेरीचा बहर त्यांना जेमतेम दोन दिवस मिळाला. नारा येथे हरणे रस्त्यावर मोकळी हिंडतात, बिस्किटासाठी मान लववतात. कासुगा देवस्थानाचे दूत म्हणून त्यांना शतकानुशतके अभय आहे. सासूबाईंना जपानातले सर्वांत जास्त आवडले ते हेच. या देशात 675 साली तेन्मू सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातील काही महिने निषिद्ध केले होते आणि 1872 मध्ये मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर होईपर्यंत मांसाहाराकडे, विशेषतः गुराढोरांच्या मांसाकडे, सर्वसाधारणपणे कमीपणानेच पाहिले जाई, हे यजमानांनी सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बिघडले कुठे?" याचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळ नव्हते.

बाबूजींना आवडले ते ओमि-हाचिमान. बिवा सरोवराच्या काठचे हे गाव कोबेहून लोकलने थेट, दीड तासाच्या आसपास. इथले व्यापारी कावडीसारखा दांडा खांद्यावर टाकून मच्छरदाण्या, कापड आणि चटया विकत देशभर पायी हिंडत. पेढ्या दूरच्या शहरांत आणि मूळ घर ओमित. घरच्या बायका संसार सांभाळून नव्या पोरांना कामाला तयार करत. जुन्या वाड्यात दांडा, मणी सरकवायचा पाटीहिशोब आणि खतावण्या मांडलेल्या आहेत. बाबूजी त्या खतावणीपुढे बराच वेळ उभे राहिले. त्यांचे आजोबा मारवाडातून असेच गाठोडे घेऊन मराठवाड्यात आले होते. ओमिच्या व्यापाऱ्यांची रीत नंतरच्या लोकांनी तीन शब्दांत बसवली आहे: विकणाऱ्याचे भले, घेणाऱ्याचे भले, समाजाचे भले. लेकीने ते वाचून दाखवले. बाबूजी म्हणाले, "चौथे राहिले." कोणते, ते मात्र त्यांनी तेव्हा सांगितले नाही.

मेच्या सुट्टीत आम्ही कोयासानला गेलो. ओसाकाहून रेल्वे, शेवटी उभ्या चढावरची दोराने ओढली जाणारी गाडी, आणि वर आठशे मीटर उंचीवर मंदिरांचे एक गावच. कुकाई या आचार्यांनी नवव्या शतकात ते वसवले. शंभरावर मंदिरे आहेत, त्यांतील पन्नासेक मंदिरांत यात्रेकरूंना मुक्काम मिळतो. जेवण भिक्षूंचे: मांस-मासा नाही, आणि कांदा-लसूणही नाही! सासूबाईंचा चेहरा उजळला. अर्थात मुळे आणि अळंबी असतातच, ती आम्ही आगाऊ कळवून टाळली. तरी भात, हिरवी भाजी आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी यांवर सगळ्यांचे उत्तम भागले. जेवण साडेपाचला वाढले गेले. जपानात आल्यापासून पहिल्यांदा आम्हाला चौविहारासाठी कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओकुनोइनला गेलो. उंच देवदारांच्या सावलीतून सुमारे दोन किलोमीटरची वाट आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांहून अधिक समाध्या. वाटेच्या शेवटी कुकाई आजही ध्यानस्थ आहेत अशी श्रद्धा असून भिक्षू त्यांच्यासाठी रोज दोनदा भोजन घेऊन जातात. नव्या भागात कंपन्यांनीही आपापल्या दिवंगत सेवकांसाठी स्मारके उभारली आहेत. त्यांत एक दगड वेगळा आहे. वाळवीचा नाश करणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेने तो 1971 मध्ये बसवला, आपल्या हातून मेलेल्या वाळवीसाठी. अक्षरे सोपी, लहान मुलांना येतात तीच. लेकीने वाचले आणि आजोबांना अर्थ सांगितला: वाळवीनो, शांतपणे झोपा.

यजमान हसले. मलाही प्रथम गंमत वाटली. सासूबाई म्हणाल्या, "आधी मारायचे आणि मग क्षमा मागायची, ही कुठली रीत?" बाबूजी काही बोलले नाहीत. शेजारच्या पायरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे लोक निदान मोजतात तरी."

मग ते दुकानाबद्दल बोलू लागले. आमचे आडतीचे दुकान, त्याला लागून बियाणे, खते आणि औषधांचे. औषध म्हणजे फवारणीचे. आपल्याकडे विषाला औषध म्हणतात. 2017 साली बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस खाल्ला आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्या वर्षी आमच्या दुकानातून सर्वांत जास्त बाटल्या गेल्या होत्या. "श्रावकाची पंधरा कर्मादाने मी दर संवत्सरीला म्हणतो," बाबूजी म्हणाले. "विषवाणिज्य त्यात आहे. साठ वर्षे म्हणतो आहे. घरात बटाटा येऊ दिला नाही, आणि दुकानात हे." लेक त्यांच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "दादाजी, शक्य तितके कमी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ओमिच्या त्या तीन भल्यांनंतरचे चौथे कोणते, हे मला तेव्हा कळले.

त्यानंतरचे वर्ष लवकर सरले. आम्ही परत आलो. लेक आता गेवराईतच शिकते आणि डबा उघडताना अजून "इतादाकिमास" म्हणते. मैत्रिणी हसतात, मग त्याही म्हणतात.

दुकानाची गोष्ट मात्र सुटलेली नाही. बाबूजींनी औषधांचे कपाट बंद करण्याचा विषय काढला, तेव्हा माझ्या दिरांनी शांतपणे हिशोब मांडला. शेतकरी बियाणे, खत आणि औषध एकाच खात्यावर उधार नेतो आणि हंगामात कापूसही तिथेच घालतो. आपण औषध बंद केले तर खाते शेजारच्या दुकानात जाईल, कापूसही जाईल, आणि फवारणी होईल ती होईलच. यात खोटे काही नाही, हे बाबूजींनीही मान्य केले. मग भावजींनी मधला मार्ग सुचवला: त्या कपाटाची वही वेगळी ठेवू आणि सगळा नफा जीवदयेला देऊ.

बाबूजींनी चष्मा काढून पुसला. "ते तर आपण स्मारकच बांधले," ते म्हणाले.

वही वेगळी झाली आहे. नफा अजून कोणाला दिलेला नाही. खरिपाचा माल भरायचा की नाही, ते अक्षय्य तृतीयेपर्यंत ठरवायचे आहे.