अननसाची शिकवणी

वीकांताला काहीच करायचं नव्हतं, म्हणून फ्रेंच शिकवणारा अननस बघितला. हसू नका. टोरांटोची एक टीममेट कॉलवर सांगत होती की तिचं पहिलं फ्रेंच ह्याच्याकडून शिकलेलं. म्हटलं बघू तरी!

'टेलेफ्रान्से' हे त्याचं नाव. टीव्हीओंटारिओ ह्या सरकारी वाहिनीने इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी १९८४ ते १९८६ ह्या काळात काढलेले ३० भाग, प्रत्येक साधारण दहा मिनिटांचा. भंगाराच्या ढिगाऱ्यात राहणारा बोलका अननस, सोफी आणि जाक ही दोन मुलं, आणि मध्येच येऊन गाणारे सांगाडे! (आपली बालचित्रवाणीसुद्धा १९८४चीच. पण असले सांगाडे तिथे कुणी पास केले नसते.)

अननसाचं नाव 'अनानास', म्हणजे फ्रेंचमध्ये अननसच. इंग्रजी पोरांना हा शब्द नवा, आपल्याला मात्र पोर्तुगीजांनी आधीच देऊन ठेवलेला. फ्रेंचचा एक शब्द मला धावड्यात असल्यापासून येत होता की राव!

इंग्रजीचं तसं नव्हतं. पहिलीपासून इंग्रजी होतं, पण फळ्यावरून वहीत आणि वहीतून पेपरात. इंजिनीअरिंगच्या पहिल्या व्हायव्हात उत्तर येत होतं, तोंड उघडलं नाही. सर म्हणाले, "नेक्स्ट". तो 'नेक्स्ट' अजून कानात आहे.

आता पुतण्या तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो. मराठीत बोललं की पाच रुपये दंड. पोरगं घरीसुद्धा गप्प गप्प राहायला लागलंय. दादा मला म्हणतो, "तू फोनवर त्याच्याशी इंग्रजीतच बोलत जा." मी बोललो दोनदा. तो "येस काका" म्हणून फोन आईकडे द्यायचा.

रविवारी व्हिडिओ कॉल लावला आणि लॅपटॉपसमोर फोन धरून त्याला एक भाग दाखवला. पाचव्या मिनिटाला ओरडला, "काका, हे तर आपलं अननस हाये!" मग जे सुटला... सांगाडे का गातात, त्यांना जीभ नसताना बोलता कसं येतं, सगळं विचारून झालं. ह्यातली उत्तरं मला कुठे येतात!

शेवटी विचारलं, "काका, त्या पोरांना फ्रेंच नाही आलं तर किती दंड लागतो?"

दादाला आज फोन करायचाय. काय बोलायचं ते मराठीतसुद्धा जुळत नाहीये.