सोन्याचा हंडा आणि काळा दगड

'गोल्ड रश' म्हटलं की आमच्या कॉन्व्हेंटच्या इतिहासाच्या पुस्तकात थेट कॅलिफोर्निया. १८४८ साली सटरच्या गिरणीपाशी सोन्याचे कण सापडले आणि पुढच्या वर्षी जगभरातून लोक घमेली घेऊन तिकडे धावले, हे सगळं तोंडपाठ. आपल्या तोरण्यावर सोनं निघालं होतं, हे मात्र मी ऐकलं सेकंड इयरला, हॉस्टेलच्या ट्रेक ग्रुपमध्ये.

मित्रांनो, गोष्ट बखरींतली आहे. १६४६ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला. डागडुजी करताना मोहरांचे हंडे सापडले आणि ते धन समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्ची पडलं. तोच राजगड, पुढे सुमारे पंचवीस वर्षं स्वराज्याची राजधानी.

म्हणजे हे सोनं खाणीतलं नव्हे, कुणीतरी पुरून ठेवलेलं. आमचा सिव्हिलवाला रूम पार्टनर म्हणतो, इथे खाण असूच शकत नाही. सोनं बहुतेक वेळा फार जुन्या खडकांत मिळतं. भेगांतून गरम पाणी फिरतं आणि गारगोटीच्या शिरांत सोनं सोडून जातं. कोलारचा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना. आपला काळा बेसाल्ट जेमतेम साडेसहा कोटींचा, थरावर थर साचलेला लाव्हा. कोयनेजवळ खोल बोअर घेतलं, तेव्हा सुमारे एक किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर कुठे जुना ग्रॅनाइट लागला! सह्याद्रीच्याच रांगेत, पण दक्षिणेला वायनाडमध्ये, खडक जुना आहे. तिथे १८८० च्या आसपास खरोखरच धावाधाव झाली. लंडनमध्ये धडाधड कंपन्या निघाल्या आणि दोन-चार वर्षांत बुडाल्यासुद्धा. आपल्या दगडात चमकतात ते झिओलाइटचे स्फटिक. दिसतात झकास, पण सोनाराला त्याचं काय?

हे सगळं ऐकून आम्ही गेल्या हिवाळ्यात नसरापूर फाट्यावरून वेल्हे गाठलं. टपरीवरच्या मामांनी आमच्या सॅका बघून विचारलं, "काय पोरांनो, हंडा शोधायला निघालात का?" आम्ही हसलो. मामा हसले नाहीत. "रात्रीचे येतात लोक. खणतात नि जातात."

वर गेल्यावर ते पटलं. एका पडक्या चौथऱ्याचे दगड उचकटलेले, मधोमध कमरेएवढा खड्डा, बाजूला फेकलेल्या मातीत चुना आणि खापरं. मला त्या खापरांचं जास्त वाईट वाटलं. खापर कुठल्या थरात होतं त्यावरून त्याचा काळ ठरतो. थरच उलटापालटा झाला की उरतो नुसता फुटका मडक्याचा तुकडा. आणि गंमत म्हणजे १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे पुरलेलं धन दहा रुपयांच्या वर गेलं की कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये! आमच्या कँटीनचा चहा! रात्री बॅटरी घेऊन येणाऱ्यांनी हे वाचलेलं नसावं.

दुसऱ्या दिवशी बुधला माचीवरून उतरून, रांग धरून राजगडाच्या अळू दरवाज्याला पोचलो. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी बघून सगळेच गप्प. तोरण्याचं सोनं गेलं ते इथे, या काळ्या दगडांच्या घडाईत आणि पाथरवटांच्या मजुरीत. सिव्हिलवाल्याने सॅकमधून मेजरिंग टेप काढली आणि तो भिंतीची जाडी मोजत बसला. आम्हाला प्रचंड भूक लागली होती, पण साहेब काही उठेनात.